सिलिंडरमध्ये गॅस की पाणी? स्थायू, द्रव, वायूबद्दल एका एसीवाल्याचं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी सातवीत, तिने वाचलं की स्थायूला स्वतःचा आकार आणि आकारमान दोन्ही असतं, द्रवाला आकारमान असतं पण आकार भांड्याचा घेतो, आणि वायूला दोन्ही नसतं. त्यावरून तिने तुम्हाला भंडावून सोडलंय की साखरपण डब्याचा आकार घेते मग ती द्रव का नाही, आणि सिलिंडर हलवला की आत पाणी डुचमळतं मग त्याला गॅस का म्हणायचं. तिसरा प्रश्न बहुतेक तुमचाच आहे, की एसीत दरवर्षी 'गॅस कमी झालाय' म्हणून पैसे घेतात तो गॅस जातो कुठे. मी काही शिक्षक नाही, एसी-फ्रीजच्या लाइनमधला माणूस आहे, पण या लाइनमध्ये दिवसभर दुसरं काय करतो आम्ही, द्रवाचा वायू आणि वायूचा द्रव, तेवढंच. तर थोडं लांबलं तरी चालेल ना.

आधी साखरेचं, कारण ते पटकन संपतं. साखरेचा एक दाणा घ्या आणि बघा, तो चौकोनी आहे, डब्यात घाला, वाटीत घाला, हातावर घ्या, चौकोनीच राहतो. डब्याचा आकार घेतं ते दाण्यांच्या मधल्या जागेसकट आख्खं पोतं, दाणा नाही घेत. दुसरी खूण म्हणजे साखर ओतली की ढीग होतो, मध्ये उंच आणि बाजूला उतार, आणि तो ढीग तसाच राहतो. पाण्याचा ढीग होत नाही, पाणी सपाट होईपर्यंत थांबतच नाही. रवा, मीठ, वाळू, सिमेंट सगळं त्यातलंच. स्पंज दाबला जातो म्हणून तो स्थायू नाही असंही मुलं म्हणतात, तिथे दाबली जाते ती आतली हवा, स्पंजचं रबर नाही.

आता खरा मुद्दा. पुस्तकातली व्याख्या बरोबर आहे, पण ती वाचून मुलांच्या डोक्यात असं बसतं की जगात पदार्थांच्या तीन जाती आहेत, लोखंड ही स्थायू जात, पाणी ही द्रव जात, ऑक्सिजन ही वायू जात. तसं काही नाहीये. एकच पदार्थ कधी काय असेल ते तापमान आणि दाब दोघं मिळून ठरवतात. खोबरेल तेल बघा, ते साधारण २४ अंशाच्या आसपास वितळतं, त्यामुळे आपल्याकडे भांडुपला वर्षातले बहुतेक दिवस बाटलीतून सरळ ओततं आणि तीच बाटली डिसेंबरात नाशिकला मामाकडे नेली की थिजून बसते, मग उन्हात ठेवा नाहीतर गरम पाण्यात. तेल तेच आहे, फक्त हवा बदलली. तापमानाचं हे सगळ्यांना कळतं कारण रोज दिसतं. दाबाचं मात्र कोणी सांगत नाही, आणि तुमच्या मुलीचा सिलिंडरचा प्रश्न पूर्णपणे दाबाचा आहे.

घरचा सिलिंडर म्हणजे १४.२ किलो एलपीजी, त्यात मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, ब्युटेन साधारण शून्य अंशाला. म्हणजे मोकळ्या हवेत, आपल्या मुंबईच्या तापमानात, दोन्ही वायूच. पण बंद टाकीत दाबून भरले की दोन्ही द्रव होतात, आणि तेही फार मोठ्या दाबाने नाही, ३० अंशाला पाच-सहा बार म्हणजे हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट, मिश्रणाप्रमाणे थोडं कमीजास्त. तर मुलीला सांगा की तिचं बरोबर आहे, आत जे डुचमळतं ते खरंच द्रव आहे. त्याच्या वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते आणि शेगडीला येते ती ही वरची वाफ. वाफ वापरली की दाब किंचित उतरतो, दाब उतरला की खालचा द्रव थोडा उकळतो आणि जागा परत भरून काढतो. शेगडी चालू आहे तोपर्यंत सिलिंडरच्या आत सतत उकळी चालू आहे, फक्त गरम नाही.

आणि द्रव का करायचा? जागेसाठी. एलपीजीच्या एका लिटर द्रवापासून अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. आपल्या सिलिंडरमधला माल नुसता वायू म्हणून ठेवायचा झाला तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या सहा-सात टाक्या लागतील, आणि तो डिलिव्हरीवाला दादा खांद्यावर काय घेऊन जिना चढणार.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे आणि शाळेत ती कोणी सांगत नाही. बंद भांड्यात जोपर्यंत द्रव आणि त्याची वाफ दोन्ही आहेत, तोपर्यंत आतला दाब फक्त तापमानावर ठरतो, माल किती उरलाय त्याच्याशी त्याचा संबंध नाही. सिलिंडर भरलेला असो की तळाशी दोन लिटर उरलेला असो, दाब जवळपास तेवढाच. (जवळपास म्हटलं कारण एलपीजी हे मिश्रण आहे, प्रोपेन आधी जास्त निघून जातो आणि शेवटी शेवटी दाब थोडा उतरतो.) म्हणून शेगडीची ज्योत शेवटपर्यंत तशीच राहते आणि मग पाहुणे आलेले असताना अचानक संपते. म्हणूनच घरच्या सिलिंडरवर प्रेशर गेज लावून 'किती उरला' ते कळत नाही, वजनच करावं लागतं. गेज विकणारे भेटतात, मी तरी घेऊ नका म्हणेन.

वजनकाटा नसेल तर जुनी युक्ती आहे. ओलं फडकं सिलिंडरवर वरून खालपर्यंत फिरवा आणि मिनिटभर थांबा, खालचा भाग ओला राहतो आणि वरचा लवकर सुकतो, जिथे रेघ दिसते तिथपर्यंत द्रव आहे. द्रव पुष्कळ उष्णता धरून ठेवतो म्हणून तो भाग लवकर गरम होत नाही आणि पाणी उशिरा उडतं, वर नुसती वाफ असल्यामुळे पत्रा पटकन तापतो. चायनीजच्या गाडीवर तर फडकंही लागत नाही. तिथे मोठा बर्नर फुल चालू असतो, १९ किलोच्या सिलिंडरमधला द्रव जोरात उकळतो, उकळायला लागणारी उष्णता तो स्वतःमधूनच घेतो, थंड पडतो, आणि आपल्या दमट हवेत सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागाला घाम फुटतो, कधी कधी चक्क बर्फाचा पांढरा थर. थंड पडला की दाब उतरतो, आंच कमी होते, मग ते लोक सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवतात किंवा आडवा करतात. दोन्ही करू नये. आडवा केला की वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरकडे येतो आणि तो बाहेर पडून अडीचशे पट फुलतो, पुढचं काय ते समजा.

याच्या उलट रिक्षाचा सीएनजी बघा. तो मिथेन, आपल्या घरात पाइपने येतो तो महानगर गॅसपण तोच. मिथेनला ३० अंशाला कितीही दाबा, द्रव होत नाही, शंभर बार लावा की दोनशे, वायूच राहतो. प्रत्येक पदार्थाचं एक तापमान असतं, त्याच्यावर गेलात की नुसत्या दाबाने तो द्रव करताच येत नाही, मिथेनचं ते उणे ८२ अंश आहे. प्रोपेनचं अधिक ९६ आणि ब्युटेनचं १५२, म्हणून ते आपल्या हवेत निमूटपणे द्रव होतात. हे ज्याने नीट शोधून काढलं तो बेलफास्टचा थॉमस अँड्र्यूज, त्याने १८६९ मध्ये कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून दाखवलं की ३१ अंशाच्या खाली तो दाबाने द्रव होतो आणि वर होत नाही. त्याआधी मायकेल फॅरेडेने १८२३ मध्येच क्लोरिन दाबाने द्रव करून दाखवला होता, पण ऑक्सिजन, हायड्रोजन असले काही वायू कोणालाच जमत नव्हते आणि लोक म्हणायचे हे कायमचे वायू. कायमचं काही नव्हतं, आधी थंड करायला हवं होतं एवढंच.

तर सीएनजी वायूच राहतो, म्हणून त्याला २०० बारला कोंबावं लागतं आणि टाकी जाड, जड लागते. गाडीत '६० लिटरची टाकी' म्हणतात त्यात ८-१० किलो माल येतो, तेवढ्याच टाकीत एलपीजी त्याच्या अडीच-तीन पट बसला असता. पण फायदा असा की इथे गेज खरं बोलतं. आत द्रव नाही, त्यामुळे माल कमी झाला की दाब कमी होतो, काटा हळूहळू खाली येतो. आणि पंपावर रिक्षावाले जी तक्रार करतात की दुपारी कमी भरतो, त्यात तथ्य आहे. वायू दाबला की गरम होतो, वरून मे महिन्याचं ऊन, गरम वायूचा दाब जास्त, काटा २०० वर लवकर पोचतो आणि किलो कमी जातात. रात्री टाकी थंड झाली की तोच काटा खाली उतरलेला दिसतो आणि पंपवाल्याला शिव्या पडतात.

कार्बन डायऑक्साइडची गंमत मुंबईत रोज घडते आणि कोणाला पत्ता नसतो. ऑफिसच्या पॅसेजमध्ये काळा भोंगा असलेलं जे लाल फायर एक्स्टिंग्विशर असतं ना, त्यात हाच द्रव रूपात असतो, पण ३१ अंशापर्यंतच. मे महिन्यात दुपारी ३४ अंश झाले आणि तो पॅसेज बिना एसीचा असला की आत द्रव आणि वाफ हा भेदच मिटतो, पृष्ठभाग नाहीसा होतो, सगळं एकच काहीतरी होऊन बसतं जे ना धड द्रव ना धड वायू. रात्री थंड झालं की परत दोन थर. तीन खान्यांवाला तक्ता पाठ केलेल्या मुलांना हे जरूर सांगावं. आणि हो, त्या एक्स्टिंग्विशरवर गेज नसतं, तो वजन करूनच तपासतात. कारण तेच, वर सांगितलं ते.

आता द्रव दाबला जात नाही, हे मुलीला करून दाखवा. केमिस्टकडून सुई नसलेली सिरिंज आणा, तोंडावर अंगठा दाबा आणि दट्ट्या दाबा. हवा असेल तर अर्ध्यापर्यंत जाईल आणि सोडलं की परत येईल. पाणी भरून दाबा, हलणार नाही. अगदी बारीक हिशोबाने पाणीपण दबतं, पण १०० बार लावले तर जेमतेम अर्धा टक्का. आमच्या लाइनमध्ये या एका गुणधर्मामुळे कॉम्प्रेसर मरतात. कॉम्प्रेसर हा वायू दाबायला बनवलेला आहे, त्याच्यात द्रव शिरला की पिस्टन वर येतो आणि आत दबण्यासारखं काही नसतं, मग व्हॉल्व्हची पातळ पत्ती तुटते नाहीतर रॉड वाकतो. आउटडोअर युनिट उघडलं की कॉम्प्रेसरच्या कडेला एक छोटी काळी बाटली चिकटलेली दिसेल, ती त्यासाठीच असते, द्रव आलाच तर तिच्यात खाली थांबावा आणि वरून फक्त वाफ आत जावी. जुन्या रेसिप्रोकेटिंग म्हणजे पिस्टनवाल्या मशीनमध्ये असा द्रव गेला की जो खडखडाट होतो तो एकदा ऐकलेला मेकॅनिक विसरत नाही.

टाकी पूर्ण भरत नाहीत त्याचं कारणही हेच. एलपीजीच्या सिलिंडरची आतली जागा साधारण ३३ लिटर असते आणि द्रव २६ लिटरच्या आसपास, वर वीस टक्के रिकामं. तापमान वाढलं की द्रव फुगतो, एलपीजी तर पाण्याच्या कितीतरी पट जास्त फुगतो. वर वाफेची जागा असेल तर वाफ दबते आणि जागा देते. ती जागाच नसेल तर द्रव दबणार नाही, मग लोखंडालाच फाटावं लागतं. आम्हीपण रेफ्रिजरंटची, म्हणजे एसीत भरायच्या गॅसची बाटली भरताना ऐंशी टक्क्यांवर थांबतो, आणि जो नवखा पोरगा 'अजून बसेल साहेब' म्हणतो त्याला मी त्या दिवशी बाटलीला हात लावू देत नाही.

आणि टाक्या, बॉयलर पाण्याने टेस्ट करतात, हवेने नाही, तेही इथेच येतं. पाणी दबत नाही म्हणून त्यात ऊर्जाही साठत नाही, टाकी तडकली तर पाणी गळतं आणि दाब क्षणात शून्य. हवा किंवा कुठलाही वायू दबतो म्हणजे ऊर्जा साठवतो, तडकली की तुकडे उडतात. एसीच्या पाइपात पाणी घालता येत नाही म्हणून आम्ही कोरडा नायट्रोजन भरतो, सांभाळून. आणि कोणी मेकॅनिक नायट्रोजन नाही म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन भरायला लागला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, आत कॉम्प्रेसरचं तेल असतं, तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. यात माणसं गेलेली आहेत.

नायट्रोजनच्या टेस्टमध्ये वायूचा आणखी एक धडा फुकट मिळतो. दुपारी ३४ अंशाला ३०० पीएसआय (दाबाचंच माप, एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) भरून ठेवले आणि सकाळी २६ अंशाला बघितलं तर गेज २९२ च्या आसपास दाखवेल. हे लीक नाही, वायू थंड झाला म्हणून दाब त्या प्रमाणात उतरला. हा हिशोब न येणारे लोक भिंत फोडून पाइप शोधत बसतात.

वायूला वजन नसतं असंही मुलांना वाटतं, नसतं कसं. तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, दहा फूट उंची धरली तर, चाळीसेक किलो हवा आहे, तुमच्या मुलीच्या वजनाएवढी असेल. आणि सगळे वायू सारखे जड नाहीत. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड, गळला तर जमिनीवर पसरतो, ओट्याखाली, मोरीत, कॉटखाली साचतो. पाइपचा मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तर दारं उघडा, खालून मोकळं करा, पाइप गॅस असेल तर वरची खिडकी उघडा, आणि दोन्ही बाबतीत दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालू असेल तर चालू राहू दे, बंद असेल तर बंद.

स्थायूचं मी कमी बोलतोय असं वाटेल, पण स्थायूला 'आकार असतो' एवढंच म्हणून सोडणं हा त्याच्यावर अन्याय आहे. काच, तांबं, रबर तिन्ही स्थायू, पण हातात घेतले की तीन वेगळे स्वभाव. मला तांब्याचा रोज अनुभव. दीड टनाच्या एसीला पाव इंची आणि अर्धा इंची असे दोन पाइप जातात, मऊ तांब्याचे, गुंडाळी येते. कटरने कापायचा, आतली कडा घासून साफ करायची, नट आधी पाइपात घालायचा, मग फ्लेअरिंग टूलमध्ये अडकवून टोक कर्ण्यासारखं रुंद करायचं. मऊ तांबं लोण्यासारखं पसरतं. पण तोच पाइप दोनचार वेळा वाकवून सरळ केलेला असेल तर तांबं कडक होतं, आणि फ्लेअर करताना कडेला केसासारखी चीर जाते, डोळ्याला दिसत नाही, बोटाचं नख फिरवलं तर अडकतं. मग पाइपचं टोक टॉर्चने मंद लाल करायचं आणि थंड होऊ द्यायचं, पाण्यात बुडवलं तरी चालतं, तांबं परत मऊ. पोलादाचं उलटं आहे, लाल पोलाद पाण्यात घातलं तर कडक होतं, म्हणून एका धातूचं ज्ञान दुसऱ्याला लावू नये. स्थायू तापला की फुगतोपण, किती ते रेल्वेला विचारा: एक किलोमीटर पोलादी रूळ मोकळा सोडला तर ३० अंशांच्या फरकाने पस्तीसेक सेंटीमीटर वाढेल. आता रूळ जोडून लांबच्या लांब करतात आणि स्लीपरला असे जखडतात की तो वाढूच शकत नाही, ते सगळं आतल्या आत ताण म्हणून राहतं.

आता तुमचा प्रश्न, एसीचा गॅस. एसीत रेफ्रिजरंट असतो, हल्ली बहुतेक आर-३२, जुन्या मशीनमध्ये आर-२२. आर-३२ उणे ५१ अंशाला उकळतो. दीड टनाच्या मशीनमध्ये पाऊण ते एक किलो, बस. आतल्या युनिटच्या कॉइलमध्ये दाब कमी ठेवला की तो पाच-दहा अंशाला उकळतो आणि उकळताना खोलीची उष्णता खेचून घेतो. वाफ कॉम्प्रेसरकडे जाते, तो दाब इतका वाढवतो की तीच वाफ पन्नासेक अंशालाही द्रव होऊ शकते, आणि बाहेर ३३ अंश असतात म्हणजे बाहेरची हवा तिच्यापेक्षा थंडच, म्हणून उष्णता बाहेर जाते आणि वाफेचा द्रव होतो. परत आत. उकळवणं आणि परत द्रव करणं, फक्त उकळायचं तापमान दाबाने आपल्या सोयीचं करून घ्यायचं. खोलीतली पाण्याची वाफपण त्या थंड कॉइलवर द्रव होते, पावसाळ्यात तासाला लिटरभर सहज, तेच तुमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर ठिबकत असेल.

आणि 'दीड टन' हे मशीनचं वजन नाही बरं का, बर्फाचा हिशोब आहे. २००० पौंड म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो ती एक टन. कॉम्प्रेसर यायच्या आधी थंडावा म्हणजे बर्फच होता, १८३३ मध्ये बोस्टनहून जहाजाने तो कलकत्त्याला आला आणि पुढे आपल्या मुंबईतही अमेरिकेचा बर्फ विकला जायचा. एवढा लांबचा प्रवास टिकला त्याचं कारण भुसा, आणि दुसरं म्हणजे बर्फ वितळायला प्रचंड उष्णता लागते, एक किलो बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला जी लागते तिच्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. आणि पूर्ण वितळेपर्यंत तापमान शून्यावरून हलत नाही. भाऊच्या धक्क्यावर कोळणी मासळी बर्फाच्या चुऱ्यात पुरतात ते त्याच्यामुळेच.

तर गॅस जातो कुठे? कुठेच जायला नको. हे पेट्रोल नाही जळून संपायला, बंद नळीत तोच माल फिरत राहतो, तुमच्या फ्रीजमध्ये वर्षानुवर्षं एकदाही भरत नाहीत ना. कमी झालाय म्हणजे गळतोय, बहुतेक वेळा त्या फ्लेअरला नाहीतर कॉइलला, समुद्राची खारी हवा कॉइल खातेच. आणि एक ओळखून ठेवा, मशीन बंद असताना मेकॅनिकने गेज लावून 'बघा मॅडम प्रेशर' असं दाखवलं तर त्याचा अर्थ शून्य. सिलिंडरवालीच गोष्ट, आत द्रव आणि वाफ दोन्ही आहेत तोपर्यंत काटा फक्त हवामान सांगतो, ३० अंशाला आर-३२ चा २६५ पीएसआयच्या आसपास, माल अर्धा असो की पूर्ण. मशीन चालू करून, दहा-पंधरा मिनिटं चालू देऊन मग बघायचं, आर-३२ ला सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या वाफेचा दाब, ११५-१२५ पीएसआयच्या आसपास, जुन्या आर-२२ ला ६५-७०, आणि फिल्टर घाण असेल तरी तो आकडा खाली येतो, म्हणून आधी फिल्टर धुवा.

आणि खरंच कमी असेल तर वरून थोडा मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. आधी नायट्रोजनने लीक शोधायला लावा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे तुमच्या डोळ्यांनी बघा, लीक बंद झाली की व्हॅक्यूम पंप लावायला सांगा. व्हॅक्यूम का, तर पाइपात आलेला ओलावा काढायला. आतला दाब इतका खाली नेला की पाणी ३० अंशालाच उकळून वाफ होऊन निघून जातं, तेच दाबाचं गणित, फक्त उलट्या बाजूने. गॅस सोडून हवा बाहेर ढकलतो म्हणणारे पुष्कळ आहेत, त्याने हवा जाते पण पाणी आत राहतं, पुढे ते तेलात मिसळून ॲसिड करतं आणि कॉम्प्रेसरची वाइंडिंग जाते. पंप अर्धा तास तरी चालला पाहिजे, बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर राहिला पाहिजे. मग माल वजनकाट्यावर मोजून भरायचा, किती ग्रॅम ते आउटडोअर युनिटच्या स्टिकरवर छापलेलं असतं. वजनकाटा न आणता आलेल्या मेकॅनिकला चहा द्या आणि काटा घेऊन परत यायला सांगा.